प्राग ते ड्रेस्डेन, उजवीकडची खिडकी

आज चेकियातलं प्राग ते जर्मनीतलं ड्रेस्डेन. दोघांनी निवांत जायचं तर हीच रेल्वे, जेमतेम अडीच तास. आरक्षण सक्तीचं नाही, तरी करून ठेवा आणि उजवीकडच्या सीट मागा. डावीकडे बसलात तर अख्खी नदी दुसऱ्यांच्या डोक्यांआडून बघावी लागते.

प्रागला फलाट क्रमांक अगदी शेवटी लागतो. तोवर वरच्या मजल्यावरचा 1909 चा घुमट बघून घ्या. बहुतेक जण खालच्या दुकानांतूनच परततात, फार वाईट वाटतं.

ऊस्ती शहरानंतर नदी खिडकीला खेटूनच चालते. द्येचीनला पलीकडच्या कड्यावर किल्ला. उरलेले कोरुना (चेक चलन) डायनिंग कारमध्ये इथवर संपवा, पुढे युरो. पासपोर्ट हाताशी असू द्या, सीमेवर पोलीस चढतात. चेक लोकांची लाबे नदी आता जर्मनांची एल्ब झालेली असते आणि वालुकाश्माचे सुळके सुरू होतात. फक्त क्योनिगश्टाइनचा किल्ला डावीकडे, तेवढ्यापुरती मान वळवा.

ड्रेस्डेनला सामान लॉकरमध्ये टाकून फ्राउएनकिर्शपर्यंत चालत जा, वीसेक मिनिटं. 1945 मध्ये कोसळलेलं हे चर्च 2005 मध्ये पुन्हा उघडलं. भिंतीजवळ उभं राहून बघा: काळे दगड ढिगाऱ्यातून वेचलेले, फिकट नवे.