डिझेल बसवणारं गॅरेज, डिझेल उतरवणारं गॅरेज

कोल्हापुरात आमच्या गॅरेजचं नाव वडिलांनी केलं ते जीपमध्ये डिझेल इंजिन बसवून देण्यावर. १९७३च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. महिंद्राच्या सीजे-३बी जीपमधलं हरिकेन पेट्रोल इंजिन, चार सिलिंडर, २,१९९ सीसी, ओढायला दमदार पण प्यायला अट्टल. गिऱ्हाईक ट्रॅक्टरच्या जातीचं नाहीतर मॅटाडोरचं डिझेल इंजिन घेऊन यायचं. नवं इंजिन जुन्या गिअरबॉक्सला जोडणारी अ‍ॅडॅप्टर प्लेट उद्यमनगरात लेथवर व्हायची, इंजिन ज्यावर बसतं ते फाउंडेशन कापून नव्या जागी वेल्ड व्हायचं, वजन पेलायला पुढच्या स्प्रिंगांना जादा पाटे पडायचे. उतरवलेलं पेट्रोल इंजिन भंगारात. तेव्हा तेच शहाणपणाचं होतं. जीप रोज रानात राबत होती.

आता तशाच जीपा उलट्या कामासाठी येतात: डिझेल उतरवून मूळ पेट्रोल इंजिन बसवायला. आजोबांची गाडी मूळ रूपात हवी असलेली नातवंडं आमची मोठी गिऱ्हाइकं. त्यात २०२१ साली केंद्राचा व्हिंटेज गाड्यांचा नियम आला: पन्नास वर्षांवरची, मूळ रूपातली गाडी, नंबरात ‘व्हीए’, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. तेव्हापासून विचारणा वाढली. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, हे मात्र आम्ही आधीच सांगतो.

लोकांना वाटतं, इंजिन मिळालं की काम झालं. हरिकेनचा इनलेट व्हॉल्व्ह हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य अंगात. या मांडणीने इंजिन उंच झालं, म्हणून सीजे-३बीचं बॉनेट उंच करावं लागलं. ज्या उंच नाकावर लोक भाळतात, त्याखाली डिझेल धडधडताना ऐकलं की मला अजून हसू येतं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती सीट ब्लॉकमध्येच असल्याने ती जळलेली किंवा तिथे ब्लॉक तडकलेला निघाला तर खर्च वाढतो, म्हणून ब्लॉक तपासल्याशिवाय आम्ही जुन्या इंजिनाचे पैसे मोजत नाही.

खरा वेळ जातो तो इंजिनाच्या आजूबाजूला. चासीवरचे जुने वेल्ड घासून मूळ फाउंडेशन उभं करायचं. मूळचा टी-९० गिअरबॉक्स आणि तो इंजिनाला जोडणारं बेलहाऊसिंग मिळवायचे. डिझेलमध्ये ठिणगी देणारे कॉइल-डिस्ट्रिब्युटर नव्हतेच, त्यामुळे वायरिंग नवं. टाकीत गाळ असतो, तो सुटून कार्ब्युरेटरमध्ये अडकतो. टाकी धुण्यापेक्षा बदललेली बरी. जादा पाटे काढले नाहीत तर हलक्या इंजिनावर गाडी नाक वर करून उड्या मारते. आणि क्राउन-पिनियन, म्हणजे अ‍ॅक्सलमधले चाकांना फिरवणारे दाते! त्यांचा मूळ रेशो ५.३८. ट्रॅक्टरचं इंजिन कमी फेऱ्यांचं, म्हणून वेग मिळवायला अनेकांनी तो बदलला. तो बदललेलाच ठेवून हरिकेन बसवलं तर आंबा घाटात गाडी धापा टाकते. गिऱ्हाईक दोष इंजिनाला देतं.

आरसीवर इंधन डिझेल आणि इंजिन नंबर दुसराच असतो. बदलाची नोंद आरटीओकडे व्हावी लागते, म्हणून पाना हातात घेण्याआधी आम्ही कागद मागतो. ‘व्हीए’ नंबर मिळवून देऊ, असा शब्द कुणाला देत नाही.

शेतमाल ओढणाऱ्याला आम्ही डिझेलच ठेवायला सांगतो, त्यात धंदा गेला तरी. बाकीच्यांचं उतरवलेलं डिझेल इंजिन चालू स्थितीत असेल तर आम्हीच विकत घेतो आणि ती रक्कम बिलातून वजा करतो.