मास्क ढिला पडला

मी कॅन्सरच्या रुग्णांची आहारतज्ज्ञ. टेक्निशियनचा फोन आला, "मॅडम, जरा खाली या. काकांचा मास्क ढिला पडलाय."

शेक, म्हणजे रेडिएशन, घेताना डोकं तसूभरही हलू नये म्हणून चेहऱ्यावर प्लॅस्टिकची जाळी बसवतात. गरम पाण्यात मऊ करून ती त्याच रुग्णाच्या चेहऱ्यावर बेतलेली असते. काकांच्या गालापाशी आता बोट सहज आत जात होतं. गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, 30 पैकी 17 शेक झालेले. वजन 56 वरून 51 किलोवर. जाळी सैल म्हणजे किरणांचा नेम चुकण्याची भीती. पुन्हा सीटी स्कॅन, पुन्हा किरणांचं प्लॅनिंग. आहारतज्ज्ञाचं काम पथ्याचा कागद देण्यापुरतं, असं म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी तिथे असायला हवं होतं.

"दूध, भात, साखर सगळं बंद केलंय," काकू म्हणाल्या. "साखरेवर गाठ पोसते म्हणे." मग पोटात काय जात होतं? गाजर-बिटाचा रस, नारळपाणी, गव्हांकुर. हिशेब केला तर दिवसाला पाचशे कॅलरीही भरेनात. किलोमागे 25 ते 30 धरल्या तर त्यांना तेराशे ते दीड हजार लागतात, प्रथिनं साठ ग्रॅमच्या वर. साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही. आधी झिजतो तो माणसाचा स्नायू. पण काकूंना रागवून काय उपयोग? तोंड आतून सोललेलं, मिठाचा कणही झोंबत होता. रस तेवढा घशाखाली उतरत होता.

मुलाने खिशातून अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल काढल्या. महागाच्या होत्या. त्याला कॅनडातला अभ्यास सांगितला. डोकं-मानेच्या कॅन्सरचे 540 रुग्ण, शेक चालू असताना आणि नंतरही अर्ध्यांना व्हिटॅमिन ई, सुरुवातीला काहींना बीटा कॅरोटीनही; दोन्ही अँटिऑक्सिडंटच. 2005 साली निष्कर्ष आले: दोन्ही घेणाऱ्यांना शेकाचा त्रास कमी झाला खरा, पण गोळ्या चालू असेपर्यंत दुसरे नवे कॅन्सर जास्त निघाले. कॅप्सूल परत खिशात गेल्या.

डॉक्टरांशी बोलून नाकातून नळी घातली. मुलगा म्हणाला, "आजपासूनच भरपूर देऊ." तसं चालत नाही. इतके दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फरस, पोटॅशियम धाडकन उतरतं; हृदयावर बेततं. म्हणून आधी रक्त तपासलं, मग थोडं थोडं वाढवत नेलं. दूध, मुगाचं गाळलेलं वरण, उकडलेलं अंडं मिक्सरमधून काढून, वर चमचाभर तेल. डब्यातली तयार पोषण पावडरही दिली, पण भर घरच्या अन्नावर. पोर्तुगालमधल्या अशाच रुग्णांच्या अभ्यासात, नुसती पूरक पेयं दिलेल्यांपेक्षा नेहमीच्या जेवणाबद्दल नीट सल्ला मिळालेले तीन महिन्यांनंतरही चांगलं खात होते.

नळी असली तरी झोंबणं कमी करणारं जेल लावून रोज चार घोट तोंडाने गिळायचेच, ही माझी अट. नाहीतर गिळायचे स्नायू आखडतात.

पुढच्या आठवड्यात वजन 51 वरच होतं. काकू हिरमुसल्या. शेक चालू असताना वजन थांबलं, की मी खूश असते.