तुम्ही विचारलंत म्हणून: वाळवंटातल्या कासवाची पेटी ओली का?

धाकटीच्या, म्हणजे माझ्याकडच्या लहान कासवाच्या, पेटीचं झाकण उघडलं की माझ्या चष्म्यावर वाफ धरते. ते बघून पाहुणे हमखास विचारतात, "सल्काटा म्हणजे वाळवंटातलं कासव ना? मग त्याला एवढं ओल्यात का ठेवलंय?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे खोलीत फिरतंच आहे. माझं मोठं कासव, थोरला. त्याची पाठ बघितलीत तर तेरा छोट्या टेकड्या शेजारी शेजारी मांडल्यासारखी दिसते. मधल्या ओळीत पाच, दोन्ही अंगांना चार-चार. धाकटी त्याच जातीची, पण तिची पाठ नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत. (धाकटी मादीच आहे हे अजून ठरायचं आहे. या जातीत चांगलं फूटभर मोठं झाल्याशिवाय ते नक्की सांगता येत नाही. पण नाव पडलं ते पडलं.) दोघांना दिवा एकाच प्रकारचा, पालाही एकच. फरक फक्त हवेत आहे.

थोरला आला तेव्हा जेमतेम दोन इंचांचा होता. वाळवंटातला प्राणी म्हणून मी त्याला वाळवंट करून दिलं: वरून उघडी पेटी, खाली कोरडी वाळू, डोक्यावर कडक दिवा. पाण्याची ताटलीसुद्धा रात्री काढून ठेवायचे, सर्दी होईल म्हणून! आठेक महिन्यांत पाठीवर उंचवटे दिसायला लागले. ओळखीच्या कासववाल्यांनी सांगितलं, खाणं जास्त होतंय, प्रथिनं जास्त होतायत. मी पाला कमी केला. कासव भुकेलं राहिलं आणि टेकड्या वाढतच राहिल्या. तेव्हाचे त्याचे फोटो मी अजूनही फारसे उघडत नाही.

पुढे माझ्या वाचनात व्हिएन्नातल्या दोन संशोधकांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आला. त्यांनी सल्काटाचीच ५० पिल्लं पाच महिने वाढवली होती, वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रमाणात प्रथिनं देऊन. कोरड्या हवेतल्या पिल्लांचे उंचवटे दमट हवेतल्यांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघाले. प्रथिनांचा परिणाम त्यामानाने किरकोळ. म्हणजे मी काढायची ती गोष्ट सोडून भलतीच काढून घेत होते.

कवच हा दगड नव्हे. खाली हाड असतं आणि वर केराटिनचे खवले, आपल्या नखांच्याच जातीचे. कासव वाढतं तसं प्रत्येक खवल्याच्या कडेला नवं केराटिन तयार होतं, म्हणून तर झाडाच्या खोडासारखी वलयं दिसतात. ही नवी कड कोवळी असते. असं मानतात की हवा दमट असली तर ती लवचीक राहते आणि आडवी पसरते. कोरड्या हवेत ती लवकर आवळून कडक होते, वाढीला आडवी जागा मिळत नाही, आणि खवल्याचा मधला भाग उचलला जातो. याला पिरॅमिडिंग म्हणतात. वाढ जोरात असते ती पहिल्या काही वर्षांत, त्यामुळे नुकसानही त्याच वर्षांत होतं.

पण मग वाळवंटात ही कासवं गुळगुळीत कशी राहतात? मी नकाशा बघितला होता, बीळ बघितलं नव्हतं. सल्काटा सहाराच्या दक्षिण काठावरच्या साहेल पट्ट्यातलं. तिथे ते खोल बिळं खणतं आणि कोरड्या दिवसांतला बहुतेक वेळ जमिनीखाली काढतं. तिथली माती दमट असते. पिल्लं अंड्यातून बाहेर पडतात तीही साधारण पावसाच्या तोंडावर, आणि गवताच्या बुंध्याशी, कुणाच्या तरी बिळात दडून राहतात. माझ्या थोरल्याला वाळवंटाचा फक्त वरचा थर मिळाला.

धाकटीची पेटी म्हणून बंद. हे झाकण नुसतं वाफ अडवायला नाही. समजा, खोलीत २० अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता आहे. तीच हवा दिव्याखाली ३० अंशांवर गेली की आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास येते. पाण्याचा एक थेंबही कमी झालेला नसतो, गरम हवेत जास्त वाफ मावते एवढंच. त्यामुळे "आमच्याकडे हवा दमटच आहे" हे म्हणणं उघड्या पेटीला, दिव्याखाली, लागू पडत नाही.

खाली नारळाच्या भुशाचा चांगला जाड थर. पाणी वरून शिंपडत नाही, कोपऱ्यातून ओतते. ते तळाशी मुरतं आणि वरचा थर कोरडासा राहतो. सतत चिखलात बसलं तर पोटाकडचं कवच कुजायला लागतं. दिवसातून दोनदा फवारा मारणं म्हणजे मनाचं समाधान, पाऊण तासात सगळं उडून जातं. रोज वीसेक मिनिटं कोमट पाण्यात बसवते, पाणी हनुवटीखाली राहील इतकंच. ती पिते, तिथेच घाण करते, आणि कधीकधी पांढरं चुन्यासारखं काही टाकते. ते मऊ असलं तर ठीक. रवाळ, खरखरीत दिसलं तर अंगात पाणी कमी पडतंय.

आर्द्रता ८० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही. पण आधी मापक तपासा. माझा पहिला गोल काट्याचा मापक वर्षभर ५० वर बसून होता, आणि मला वाटायचं, किती स्थिर हवा आहे! बाटलीच्या टोपणात मीठ घ्या, ओलं करा, पण विरघळू देऊ नका. टोपण आणि मापक एका पिशवीत घट्ट बंद करून रात्रभर ठेवा. आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. मापकाने तेवढी दाखवली पाहिजे.

आता धाकटीच्या बाबतीतली चूक. ओलावा सांभाळताना एकदा रात्रीची ऊब सांभाळली नाही. रात्रीचा, प्रकाश न देणारा हीटर बंद पडलेला मला दोन दिवस कळलाच नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या नाकपुडीवर बुडबुडा दिसला. डॉक्टर, औषध, तीन आठवडे धाकधूक. ओलं आणि उबदार चालतं, ओलं आणि गार हे घातक. तेव्हापासून रात्रीही २६ अंशांच्या खाली जाऊ देत नाही, आणि हीटर झोपण्यापूर्वी हाताने बघते.

हे सगळं सल्काटाच्या पिल्लाबद्दल सांगितलं. तांबड्या पायांचं कासव दक्षिण अमेरिकेतलं, त्याला मोठेपणीही दमट हवाच हवी. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या हर्मन किंवा ग्रीक जातीच्या मोठ्या झालेल्या कासवाला मात्र अशा वाफाळ पेटीत कोंडू नका. त्यांच्या पिल्लांना ओलसर दडण्याची जागा जरूर द्या.

आणि हो, थोरल्याच्या पाठीला तेल चोळा असं सांगणारे खूप भेटतात. तेलाने टेकड्या फक्त चमकतील. त्या बसणार नाहीत, वाढलेलं हाड मागे जात नाही. पण हवा बदलल्यानंतरचं त्याचं केराटिन वेगळं आहे. टेकडीच्या माथ्यावरून बोट खाली आणलंत तर शेवटी, दोन खवल्यांच्या मधे, बोटभर रुंदीची सपाट पट्टी लागते. पुढच्या वेळी आलात की हात लावून बघा, तो काही म्हणत नाही.