निळा उजेड आणि तासगावची म्हैस

गेल्या गुरुवारी सांगलीत आमच्या कॉलेजात एमएस्सीच्या प्रॅक्टिकलला जे झालं ते लिहायचंच होतं, तपासायचे पेपर बाजूला ठेवलेत.

प्रयोग साधा. दोन नळ्यांत बारा-बारा अक्षरांचा डीएनए (अक्षरं चारच: ए, टी, सी, जी), एकीत मधोमध एएटीटी, दुसरीत नुसते सी आणि जी, दोन्हीत होक्स्ट 33258 हा रंग घालायचा आणि पडदे ओढून यूव्ही दिव्याखाली बघायचं. हा रंग पाण्यात सुटा असला की जेमतेम चमकतो, डीएनएत बसला की लख्ख निळा. पण दोन्ही नळ्या काळ्याच! मला घाम फुटला, कारण तो डीएनए मुश्किलीनं मागवलेला. एकीला विचारलं, कशात विरघळवलास गं? "मॅडम, डिस्टिल्ड वॉटरमध्ये." तिथंच घोळ झाला, मीठ नसलं की दोन्ही साखळ्यांवरचे ऋणभार एकमेकांना ढकलतात, जोडी जमत नाही आणि जोडीच नाही तर रंग बसायला दोन साखळ्यांच्या पिळातली खाच कुठली. मग मिठाचा बफर म्हणजे आम्लता स्थिर ठेवणारं द्रावण, 95 अंशाला तापवून सावकाश गार, यात दीड तास गेला.

आणि मग एएटीटीची नळी पेटली. शेजारची सीजीची तशीच मंद. पोरं गपगार.

फळ्यावर काढून दाखवलं. पिळाची अरुंद खाच एटीपाशी आणखी निमुळती होते, चंद्रकोरीसारखा वाकडा रेणू तिथं अगदी फिट बसतो आणि तळाशी हायड्रोजन बंध धरतो, पण जी असला की त्याचा अमिनो गट तळातनं वर आलेला असतो, मग रेणू आत शिरायला अडतो. असाच बसणारा दुसरा रेणू म्हणून बेरेनिल लिहिलं, तर मागच्या बाकावरचा तासगावकडचा पोरगा उठला, "मॅडम, आमच्या म्हशीला सर्रा झालेला तवा डॉक्टरांनी हेच दिलं, पिवळी पावडर पाण्यात घोळून."

हेच! सर्रा हा रक्तातल्या परजीवीचा रोग, त्या परजीवीच्या कायनेटोप्लास्ट डीएनएत, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या डीएनएत, एटी भरपूर, हे औषध तिथं जाऊन बसतं.

"मग म्हशीच्या डीएनएत एटी नसतं का?"

असतं की. पण तो परजीवी हे औषध स्वतःच आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्यात जास्त साठतं, आणि तरीही डॉक्टर वजन बघूनच डोस देतात. हे सांगताना मला इतका आनंद झाला, गेली कितीतरी वर्षं हे शिकवतेय पण हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पुढच्या गुरुवारी त्याच निळ्या नळीत बेरेनिल वाढवत न्यायचंय, होक्स्टला जागेवरनं हुसकतं का, निळा उतरतो का ते बघायचं. बफर तोच पोरगा करणार आहे.