एक्स-रे नॉर्मल आहे, मग खांदा अडकतो कशानं?

सोयाबीनचं पोतं थप्पीवर चढवताना खांद्यात कट्‌कन आवाज होतो. एक्स-रेत हाड शाबूत निघतं आणि लचक समजून दोन-तीन महिने बाम चोळण्यात जातात. मुळात एक्स-रेत हाड दिसतं, कूर्चा दिसत नाही.

खांद्याची वाटी फारच उथळ. दंडाच्या हाडाचा गोळा एका वेळी जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा तिला टेकतो. म्हणून वाटीच्या काठाला चिवट कूर्चेची कड असते, ती लॅब्रम. बायसेप्सची, म्हणजे दंडाच्या पुढच्या स्नायूची, लांब कंडरा वरच्या बाजूला याच कडेला जोडलेली असते. त्यामुळे जड वजनाचा अचानक हिसका बसला किंवा मोटारसायकलवरून पडताना हात टेकवला, तर कड वर फाटते. कबड्डीत हात ओढला जाऊन खांदा पुढं निखळला, तर बहुधा पुढून खाली.

दुखणं खोल आत असतं, नेमकं बोट ठेवून दाखवता येत नाही. हात डोक्यावर नेताना काहीतरी अडकतं. चेंडू फेकायच्या पवित्र्यात हात नेला की खांदा निसटेल अशी धास्ती वाटते. नुसता कटकट आवाज, दुखणं नाही, तर घाबरायचं कारण नाही. मात्र दुसऱ्यानं उचलूनही हात वर जात नसेल, तर आखडलेल्या खांद्याचा विचार आधी करावा. मधुमेह असेल तर जास्तच.

खांदा निखळलाच तर गावात ओढून बसवून घेऊ नका. हाड मोडलेलं असू शकतं, नसही दुखावते. दंडाची बाहेरची बाजू बधिर वाटणं ही तिचीच खूण. हात झोळीत घालून लगेच दवाखाना गाठावा.

साध्या एमआरआयमध्ये बारीक चीर निसटते, म्हणून कधी सांध्यात औषध सोडून तो काढतात. पण चाळिशीनंतर रिपोर्टात चीर दिसली म्हणून ऑपरेशन, हे पटण्यासारखं नाही; वयानंही कड झिजते. आधी दीड ते तीन महिने फिजिओथेरपी, खवाट्याभोवतीच्या स्नायूंची. खांदा वारंवार निखळणाऱ्या तरुणाचं वेगळं, तिथं दुर्बिणीतून कड शिवणंच बरं. त्यानंतर साधारण चार आठवडे झोळी, जड वजन पाच-सहा महिन्यांनी. बीडकडच्या ऊसतोड्यानं पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, चैत्रात हे उरकलं, तर मोळी उचलायला दिवाळीनंतरचा हंगाम हाती राहतो.