एक्सएमएलमधून ओळी काढताना: ताळा जुळतो, तरी बेरीज चुकते

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये एक्सएमएल (टॅगांत बांधलेला मजकूर) हा कॉलमचा प्रकार २००५च्या आवृत्तीपासून आहे. त्याच्या नोड्स, व्हॅल्यू, क्वेरी, एक्झिस्ट आणि मॉडिफाय या पाच मेथड. नावं लहान लिपीतच लिहायची. रोजच्या कामात पहिल्या दोनच लागतात (नोड्स एक्सएमएलच्या तुकड्यांच्या रो करतो, व्हॅल्यू त्यातून एक किंमत काढतो), आणि घोळही तिथेच होतात. हा नमुना पाहा:

<ऑर्डर क्र="४१२">
  <ओळ><माल>तूरडाळ</माल><भाव>१५०</भाव><नग>४</नग><बॅच>क७</बॅच></ओळ>
  <ओळ><माल>गूळ</माल><भाव>६०</भाव><नग>५</नग></ओळ>
  <भरणा>५००</भरणा>
  <भरणा>४००</भरणा>
</ऑर्डर>

(टॅग आणि आकडे वाचायला सोपे जावेत म्हणून मराठीत. खऱ्या फाइलीत आकडे इंग्रजी हवेत; ‘४’चा इंट होत नाही.)

दर पातळीला एक नोड्स, आणि तो आधीच्या पातळीला क्रॉस अप्लायने (आधीच्या प्रत्येक रोसाठी पुढचा शोध चालवणारा जोड) जोडायचा. पहिला नोड्स ‘/ऑर्डर/ओळ’ या वाटेने, दुसरा त्या ओळीवरून नुसता ‘बॅच’. दुसरी वाट चुकून तिरक्या रेषेने, म्हणजे ‘/ऑर्डर/ओळ/बॅच’ अशी, सुरू केली की शोध पुन्हा मुळापासून होतो आणि प्रत्येक ओळीला ऑर्डरमधल्या सगळ्या बॅच चिकटतात. शिवाय इथे क्रॉस अप्लाय वापरलं तर गूळ गायब, कारण त्याला बॅचच नाही. आतली पातळी असेलच याची खात्री नसेल तिथे आउटर अप्लाय; त्यात ती ओळ राहते.

यापेक्षा मोठा सापळा शेजारच्या फांद्यांचा आहे. ओळ आणि भरणा या दोन्ही ऑर्डरच्या थेट खाली आहेत, एकमेकींच्या पोटात नाहीत. दोन्ही एकाच क्वेरीत क्रॉस अप्लाय केल्या तर दोन गुणिले दोन, चार रो येतात. मालाची खरी रक्कम ६०० अधिक ३००, म्हणजे ९००. क्वेरी सांगते १८००. भरणाही ९००च्या जागी १८००. दोन्हीकडे सारखंच फुगल्यामुळे ताळा झकास जुळतो आणि चूक नजरेला येतच नाही! ओळी तीन असत्या तर निदान फरक दिसला असता. डिस्टिंक्ट लावून हे झाकू नका. ४००चे दोन खरे भरणे असले तर त्यातला एक उडेल. प्रत्येक फांदीची बेरीज वेगळ्या सबक्वेरीत करा आणि मग ऑर्डरला जोडा.

व्हॅल्यूला एकच नोड (टॅग किंवा ॲट्रिब्यूट) लागतो. ‘नग’ एवढंच लिहिलं तर सिंगलटनची तक्रार येते, म्हणून वाट कंसात घालून पुढे [१]. ॲट्रिब्यूटला, म्हणजे ‘@क्र’ला, त्याची गरज नाही. इतर ठिकाणी मात्र ‘(नग/टेक्स्ट())[१]’ असंच लिहायची सवय लावा. टॅग रिकामा आला तर टेक्स्टशिवाय इंटमध्ये ० मिळतो, तारखेत १ जानेवारी १९००, आणि डेसिमलमध्ये क्वेरीच आपटते. टेक्स्ट लावलं की सरळ नल येतो. साध्या, स्कीमा न जोडलेल्या एक्सएमएलवर ते वेगानंही चालतं.

क्वेरी बिनचूक वाटते, एररही नाही, पण रो शून्य? आधी मुळाच्या टॅगवर एक्सएमएलएनएस (टॅगांची नावं कुठल्या गटातली, म्हणजे नेमस्पेसमधली, ते सांगणारी घोषणा) आहे का ते बघा. खात्री करायला वाट ‘/*:ऑर्डर/*:ओळ’ अशी लिहून पाहा. रो आले तर दोष नेमस्पेसचाच. मग विथ एक्सएमएलनेमस्पेसेसमध्ये डिफॉल्ट जाहीर करा, आणि त्याआधीचं स्टेटमेंट अर्धविरामाने संपवा.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक भानगड. जुन्या कोलेशनवर (डेटाबेसच्या अक्षरांच्या सेटिंगवर) लिटरलला, म्हणजे अवतरणातल्या मजकुराला, आधी एन लावला नाही तर ‘गूळ’ची प्रश्नचिन्हं होतात, एन लावावा, तर फाइलीच्या माथ्यावरच्या यूटीएफ-८च्या घोषणेमुळे एन्कोडिंग बदलता येत नाही असा एरर. फाइल ओपनरोसेट या फाइल वाचणाऱ्या फंक्शनने सिंगल ब्लॉब म्हणून बाइटमध्येच उचला आणि मग एक्सएमएलमध्ये बदला.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर १०व्या आवृत्तीपासून एक्सएमएलटेबल हे एक्सएमएलच्या रो करणारं फंक्शन आहे. आतली फांदी एक्सएमएल प्रकारचा कॉलम म्हणून बाहेर काढायची आणि लेफ्ट जॉइन लॅटरलने दुसऱ्या एक्सएमएलटेबलला द्यायची. तिथे डिफॉल्ट नेमस्पेस चालत नाही; त्याला एखादं प्रीफिक्स द्या आणि वाटेतल्या प्रत्येक टॅगला ते लावा.

एक्सएमएल इंडेक्सच्या वाटेला मी सहसा जाणार नाही. त्याला क्लस्टर्ड प्रायमरी की लागते आणि तो जागाही भरपूर खातो. तोच दस्त रोज दहा रिपोर्ट वाचणार असतील तर आत घेतानाच एकदा फोडून ऑर्डर, ओळ आणि भरणा अशा तीन साध्या टेबलांत ठेवा. मूळ एक्सएमएल पुराव्यापुरतं बाजूला राहू द्या.