बग्झिला, पडवी आणि एक राखीव शब्द

आंब्याच्या पॅकिंग हाऊससाठी आम्ही तिघांनी एक लहानसं बिलिंग सॉफ्टवेअर केलं होतं. पेट्या, डझन, वजन, गाडीभाडं. गिऱ्हाईक मोजून पाच. त्यांच्या तक्रारी व्हॉट्सअ‍ॅपवर यायच्या; काही मी वहीत उतरवायचो, काही कुडाळचा मित्र विसरायचा, आणि उरलेल्या दोघं मिळून दोन वेगवेगळ्या प्रकारे दुरुस्त करायचो. २०२१ च्या मोसमात एकच चूक दोनदा सुधारून आम्ही ती तिसऱ्यांदा परत आणली. तेव्हा ठरलं, बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, नोंदवायला काहीतरी नीट जागा हवी.

मी बग्झिला म्हटलं. फायरफॉक्स ब्राउझर काढणाऱ्या मोझिलावाल्यांचं, बग नोंदवायचंच सॉफ्टवेअर, फुकट, १९९८ पासून चालू. (मी तेव्हा तिसरीत होतो.) नवीन, चकचकीत पर्याय भरपूर आहेत, पण दरमहा माणशी पैसे मोजायचे म्हटल्यावर मित्रांनी जास्त वाद घातला नाही. सर्व्हर मुंबईच्या डेटा सेंटरमधला, एक जीबी रॅमचा, भाड्याचा. आणि तो लावणारा मी, देवगडला, घरच्या पडवीत. तौक्ते वादळ होऊन महिनाही झाला नव्हता. लाइट आली होती, पण तिचा भरवसा नव्हता, आणि मोबाइलची रेंज पडवीच्या समुद्राकडच्या कोपऱ्यातच मिळायची. त्यामुळे पहिला धडा बग्झिलाचा नाहीच: काहीही सुरू करण्याआधी सर्व्हरवर टीमक्स हा प्रोग्रॅम उघडायचा. रेंज गेली तरी काम तिकडे चालू राहतं, परत जोडलं की जिथे होतं तिथेच सापडतं. हे कळण्याआधी एक इन्स्टॉलेशन अर्ध्यात तुटलं आणि उरलेली संध्याकाळ ते निस्तरण्यात गेली.

बग्झिला पर्ल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेलं आहे. फाइली वेब सर्व्हरच्या फोल्डरमध्ये टाकल्या की चेकसेटअप नावाची स्क्रिप्ट, म्हणजे मांडणी करणारा छोटा प्रोग्रॅम, चालवायची. गंमत अशी की ही एकच स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवायची असते. पहिल्यांदा ती पर्लची कुठली मॉड्यूल्स, म्हणजे जोडायचे तयार भाग, कमी आहेत त्याची यादी देते. ती भरली की पुढच्या वेळी लोकलकॉन्फिग नावाची फाइल तयार करून थांबते. त्यात डेटाबेसचा पासवर्ड आणि वेब सर्व्हरचा ग्रुप लिहायचा, परत चालवायची, मग ती डेटाबेसमध्ये टेबलं, म्हणजे माहितीचे तक्ते, बनवते. पहिल्या यादीला घाबरून मी सगळी मॉड्यूल्स, नको असलेलीसुद्धा, एकदम बसवायला घेतली. एक जीबी रॅमने पाच-सात मॉड्यूल्सनंतर मान टाकली. पडद्यावर एकच शब्द, 'किल्ड'. दोन जीबीची स्वॅप फाइल, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा, बनवली आणि आलेख, चार्ट वगैरेची ऐच्छिक मॉड्यूल्स सोडून दिली. पाच गिऱ्हाइकांचे आलेख कोण बघणार होतं?

खरं अडलं ते टेबलांपाशी. स्क्रिप्ट एकेक टेबल बनवत गेली आणि मध्येच एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली व्याकरणचूक सांगून थांबली. चूक कुठे, तर 'ग्रुप्स' या शब्दाजवळ. मी आधी पासवर्डवर संशय घेतला, मग परवानग्यांवर, मग स्वतःवर. डेटाबेस पुसून नव्याने केला. तीच जागा, तोच शब्द. तीन वेळा. आई आतून ओरडत होती, "जेवूक येतंस की नाय?" आणि मी त्या ओळीकडे बघत बसलेलो.

उलगडा रात्री उशिरा झाला. बग्झिलात वापरणाऱ्यांच्या गटांचं टेबल आहे, त्याचं नावच 'ग्रुप्स'. कोणाला कुठला बग दिसणार, हे सगळं त्यावरून ठरतं. आणि मी वापरलेल्या मायएसक्यूएल या डेटाबेसने ८.० आवृत्तीत नेमका हाच शब्द राखीव केला, म्हणजे स्वतःच्या एका नव्या सोयीसाठी ठेवून घेतला. मी घेतलेली बग्झिलाची ५.० आवृत्ती त्याच्या आधीच्या काळातली. वीस वर्षं एका नावाने गावात वावरणाऱ्या माणसाला एके दिवशी सांगावं, हे नाव आता सरकारी कामासाठी राखून ठेवलंय, तसलाच प्रकार. दोघांत चूक कोणाचीच नाही, आणि तरी काम अडलेलं.

बग्झिलाच्या कोडमध्ये जागोजागी हात घालायची माझी हिंमत नव्हती. मारियाडीबी या तशाच दुसऱ्या डेटाबेसमध्ये तो शब्द राखीव नाही, म्हणून मायएसक्यूएल काढून ते बसवलं. डेटा काहीच नव्हता, त्यामुळे जुनं फोल्डर बिनधास्त पुसलं. डेटा असता तर एवढ्या सहज हात चालला नसता. स्क्रिप्ट चालवली. टेबलं सरसर तयार झाली, आणि शेवटी तिने माझा ईमेल, नाव आणि पासवर्ड विचारला. त्या तीन साध्या प्रश्नांनी जेवढा आनंद झाला तेवढा दहावीच्या निकालाने झाला नव्हता.

ब्राउझरमध्ये पत्ता टाकला तर पान नाही, पर्लचा कोडच समोर. अपाचेला, म्हणजे वेब सर्व्हरला, सीजीआय फाइली (बग्झिलाची पानं तयार करणारे प्रोग्रॅम) नुसत्या दाखवायच्या नसून चालवायच्या असतात हे सांगायला मी विसरलो होतो. ते दोन ओळींचं काम. पण त्यानंतर सहज म्हणून टेस्टसर्व्हर ही तपासणीची स्क्रिप्ट चालवली आणि पोटात गोळा आला. लोकलकॉन्फिग, म्हणजे डेटाबेसच्या पासवर्डची फाइल, बाहेरून कोणालाही उघडता येत होती. बग्झिला, कोणाला काय उघडू द्यायचं ते अपाचेला सांगणाऱ्या, स्वतःच्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलींनी ते बंद करतं, पण माझ्या अपाचेच्या सेटिंगमध्ये त्या फाइली वाचायलाच मनाई होती. त्या वाचू देणारं 'अलाउ ओव्हरराइड ऑल' लिहिलं, पासवर्ड बदलला, तपासणी परत केली. चेकसेटअप सगळेच चालवतात. ही दुसरी स्क्रिप्ट कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय.

बग्झिला नोंदींच्या सूचना ईमेलने पाठवतं, त्याचं थोडक्यात: आधी पाठवण्याची पद्धत 'टेस्ट' ठेवा. मग पत्रं बाहेर न जाता सर्व्हरवरच एका फाइलमध्ये पडतात, आणि गिऱ्हाइकाला मध्यरात्री चाळीस पत्रं जात नाहीत. मला हे एकोणचाळिसाव्या पत्रानंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी पॅकिंग हाऊसच्या दादांना खातं काढून दिलं. त्यांनी बग क्रमांक १ मराठीत नोंदवला: पाच डझनी पेटी टाकली की बिलात चार डझन येतात. मी माझ्या लॅपटॉपवर पाहिलं, पाचच येत होते. बग्झिलात अशा वेळी बंद करायला एक तयार शेरा आहे, 'वर्क्स फॉर मी', म्हणजे माझ्याकडे चालतंय. तो लावला आणि पडवीत निवांत चहा घेतला. चहा संपायच्या आत बग परत उघडलेला. खाली दादांची टिप्पणी: "तुझ्याकडे चलता, माझ्याकडे चलना नाय. आता कोणाचा खरा मानूचा?"

खरं दादांचं होतं. त्यांच्या संगणकावर आमची गेल्या वर्षीची आवृत्ती होती.